उमेमे

माझा भाचा नोकरीनिमित्त टांझानियात, दार-ए-सलामला असतो. परवा त्याने विजेच्या खांबावरच्या पाटीचा फोटो पाठवला. 'हतारी, उमेमे'. खाली लिहिलं होतं, "मावशी, ओळख बघू!"

'हतारी' ओळखलं. आपला खतरा आणि त्यांची हतारी, दोन्ही मूळचे अरबी. 'उमेमे'वर मात्र अडले.

उमेमे म्हणजे वीज. गंमत अशी की आभाळात चमकते तीही उमेमे आणि तारेतून येते तीही उमेमे. अगदी आपल्यासारखंच! लाईट गेली की तिथे म्हणतात, 'उमेमे उमेकातिका', वीज तुटली. विद्युतप्रवाहाला शब्द आहे 'म्कोन्दो वा उमेमे'. यातला म्कोन्दो म्हणजे पाण्याचा वाहता प्रवाह. नव्या गोष्टीला घरातलंच नाव!

आणि मला एक मुलगा आठवला.

मी बी.ए., पण शाळेत विज्ञानाला कुणी नाही म्हणून सातवीचा तास माझ्या गळ्यात पडला होता. त्याने विचारलं, "बाई, ढगातली वीज आणि बल्बातली वीज एकच का हो?" हाच प्रश्न डोक्यात घेऊन १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिनने वादळात पतंग उडवला होता. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "पुस्तकात 'विद्युत' आहे ना? मग तेवढंच लिही." शब्द एकच होता म्हणून त्याला प्रश्न पडला, आणि मी तो शब्दच काढून घेतला.

पुढे तो अकरावीला सायन्सला गेला. सगळं इंग्रजीत. चार महिन्यांत परत आला. म्हणाला, "बाई, समजत होतं थोडंथोडं, पण विचारता येत नव्हतं."

टांझानियात १९६७ पासून सरकारी प्राथमिक शाळांत स्वाहिली आहे, माध्यमिकला इंग्रजी. म्हणजे एका सुट्टीत उमेमेची इलेक्ट्रिसिटी होते. तिथल्या कितीतरी वर्गांत असाच कुणीतरी गप्प बसलेला असेल.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. माझी नातवंडं त्याच शाळांत शिकली. पण नवा शब्द देताना जुना हातातून काढून घेऊ नये, एवढं मला सत्तरीनंतर कळलं, तेही एका परक्या पाटीवरून.

असो. भाच्याला उत्तर पाठवलं, "वीज. दोन्ही."