आजी ऑन बॅटरी

शनिवारची रात्र. ऑफिसच्या मेल्सना सुट्टी आणि लॅपटॉपवर आजीच्या ओव्या. बाबांनी तरुणपणी टेप केलेली कॅसेट मी हौसेने कॉम्प्युटरवर उतरवली होती. बाबांना समोर बसवून प्ले दाबलं, तर आजीच्या आधी स्पीकरमधून आलं ‘हूंऽऽऽ’ असं हमिंग. बाबा म्हणाले, ‘‘यात आई कुठाय?’’

सॉलिड पोपट!

मित्राचा फंडा क्लिअर होता. ‘‘भिंतीतली वीजच खराब, अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालव.’’ त्यात तथ्य आहेच. आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या पॉवर सप्लायमध्ये तिचं डीसी करताना १०० हर्ट्झची लहर मागे उरते. कपॅसिटर ती दाबतात, पण सप्लाय स्वस्तातला असेल तर ती आवाजात उतरते. बॅटरीत ही भानगडच नाही. माझा अ‍ॅम्प्लिफायर छोटा, १२ व्होल्टचा. यूपीएसमध्ये असते तसली ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणली, फ्यूज टाकून जोडली. हमिंग गायब!

दोन दिवस मी बॅटरीभक्त होतो. मग बॅटरी उतरली, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा भिंतीच्या प्लगवर लावला. तरीही हमिंग नाही! लक्षात आलं, आज लॅपटॉपचा चार्जर काढलेला आहे. तो लावला, हूंऽऽऽ परत.

म्हणजे गुन्हेगार वीज नव्हती, जोडणी होती. माझे दोन्ही प्लग तीन पिनांचे. दोघांचं अर्थिंग आणि मधली ऑडिओ केबल मिळून एक कडं तयार झालेलं. त्यात फिरणारा क्षीण करंट अ‍ॅम्प्लिफायर गाणं समजून मोठा करत होता. बॅटरीने फक्त ते कडं तोडलं. तेच काम चार्जर काढूनही होतं, फुकटात. (अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, ती जीव वाचवते.)

शिवाय बॅटरीचे नखरे असतातच. व्होल्टेज १० टक्के उतरलं, की अ‍ॅम्प्लिफायरची कमाल ताकद साधारण १९ टक्क्यांनी घटते. मोठ्या आवाजात तबल्याची थाप फाटायला लागते.

चार्जर काढून बाबांना पुन्हा बसवलं. कॅसेटची खरखर होती, ती राहणारच. ओवी संपली आणि इतके दिवस हमिंगखाली बुडालेलं काहीतरी ऐकू आलं. आजी हळूच विचारत होती, ‘‘झालं का रे तुझं?’’

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘पुन्हा लाव.’’