बदली

‘बदली’ या शब्दाची मराठीत मोठी गंमत आहे. नोकरदाराची बदली होते तेव्हा तो एका जागेवरून उठून दुसरीकडे जातो. मैदानावरचा ‘बदली खेळाडू’ मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी जागी येतो. जाणाराही बदलीचा आणि येणाराही बदलीचा! शिवाय ‘अमक्याच्या बदल्यात तमका’ असे म्हटले की त्याच शब्दातून बाजाराचा वास येऊ लागतो, आणि सूड उगवणारा ‘बदला’ तर त्याच्या शेजारीच राहतो. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीत ज्याला ‘ट्रेड’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न मला १८ जुलै २०१८ रोजी पडला. टोरोंटोजवळ मिसिसागात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा त्या दिवशी चार शब्दांचा निरोप आला, ‘मावशी, आपल्या डेमारला विकलं.’ भाषेची शिक्षिका असल्यामुळे असेल, मी लगेच उलट कळवले की विकले नाही, बदली केली. त्यावर त्याने दिवसभर उत्तर दिले नाही.

महाविद्यालयात असताना मीही बास्केटबॉल खेळत असे. मातीचे मैदान, वाकलेली रिंग, आणि जाळी फक्त विद्यापीठाच्या स्पर्धांपुरती. त्यामुळे हा खेळ मला थोडाफार कळतो. परंतु डेमार डेरोझनचे प्रकरण मला खेळाच्या अंगाने नव्हे, तर कथेच्या अंगाने छळत राहिले.

टोरोंटो रॅप्टर्स हा या साखळीतील कॅनडाचा एकमेव संघ. व्हँकूव्हरचा दुसरा संघ २००१ साली मेम्फिसला निघून गेला, तेव्हापासून हा एकटा. या शहराला एक जुनी जखम होती. येथे नावारूपाला आलेला खेळाडू येथे राहत नसे. २००० साली ट्रेसी मॅकग्रेडी गेला, २००४ साली व्हिन्स कार्टर गेला, २०१० साली ख्रिस बॉश मायामीला गेला. डेरोझनला या संघाने २००९ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडले होते. बॉश गेला तेव्हा हा वीस वर्षांचा मुलगा म्हणाला की काळजी करू नका, मी आहे. आणि तो खरोखरच राहिला. २०१६ मध्ये त्याचा करार संपला तेव्हा दुसऱ्या कुठल्याही संघाशी भेटीगाठी न करता त्याने टोरोंटोशीच पाच वर्षांचा, १३ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. तो स्वतः कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनचा, कोबी ब्रायंटला आदर्श मानत वाढलेला. घरच्या मैदानावर खेळण्याचा मोह त्याला पडता तर कुणी नवल केले नसते. २०१८च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या नैराश्याविषयी उघडपणे लिहिले. ते त्या शहराने मनापासून ऐकले. नऊ हंगाम आणि १३,२९६ गुण, म्हणजे संघाच्या इतिहासातील सर्वाधिक. मग संघाने त्यालाच का दिले?

कारण सरळ होते, आणि ते क्रूर होते असे मला वाटत नाही. २०१७-१८च्या हंगामात टोरोंटोने ५९ सामने जिंकले. तो त्यांचा विक्रम. परंतु बाद फेरीत समोर लेब्रॉन जेम्सचा क्लीव्हलँड संघ आला आणि त्याने त्यांना ४-० असे धुऊन काढले. आदल्या वर्षीही ४-०, आणि त्याच्या आदल्या वर्षी ४-२. लोक थट्टेने शहराला ‘लेब्रॉन्टो’ म्हणू लागले. डेरोझनचे सौंदर्य होते ते मधल्या अंतरावरील दोन गुणांच्या नेमात. पाय थबकवून, बचाव करणाऱ्याला हुलकावणी देऊन, उंच उडी घेऊन मारलेला तो चेंडू म्हणजे एखाद्या जुन्या घराण्याची बंदिश. पण तीन गुणांच्या लांब नेमाने जिंकण्याच्या त्या काळात ही बंदिश महाग पडत होती, आणि बाद फेरीतील कसलेले बचावपटू तिला नेमके अडवीत. क्लीव्हलँडविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात चौथ्या चरणात तो बाकावर बसून होता. चौथ्यात तर त्याला मैदानाबाहेर काढले गेले. मे महिन्यात प्रशिक्षक ड्वेन केसी यांना डच्चू मिळाला, आणि जून महिन्यात याच केसींना वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कारही मिळाला. (साहित्य संस्थांच्या पुरस्कारांशी परिचित असलेल्या वाचकांना यात फारसे आश्चर्य वाटणार नाही.)

जुलैच्या पहिल्याच दिवशी लेब्रॉन पश्चिमेकडे, लॉस एंजेलिसला निघाल्याचे जाहीर झाले. दार उघडले होते. संघाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांच्यापुढे सॅन अँटोनिओचा कवाय लेनर्ड होता. २०१४च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू, दोनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. मात्र तो दुखापतीमुळे आदल्या हंगामात अवघे नऊ सामने खेळलेला, आपल्या संघावर नाराज, आणि वर्षभराने मुक्त होऊन बहुधा कॅलिफोर्नियाला जाणारा. अशा माणसासाठी काय द्यावे लागते? या साखळीत वेतनमर्यादेचा नियम आहे. मर्यादा ओलांडलेल्या संघाला दुसऱ्याचा मोठ्या पगाराचा खेळाडू हवा असेल, तर आपल्याकडूनही जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. लेनर्डचा पगार २ कोटी ३१ लाख डॉलर, डेरोझनचा २ कोटी ७७ लाख. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवण्याजोगे वजन संघात फारच थोड्यांना होते, आणि समोरच्यालाही जाणाऱ्या ताऱ्याच्या जागी तारा हवा होता. म्हणजे ज्याला दिले तर शहर रडेल असाच खेळाडू द्यावा लागतो. जो गेला तरी कुणी रडणार नाही, त्याच्या बदल्यात कुणी काही देत नाही. डेरोझन, तरुण याकोब पोल्टल आणि पुढल्या निवडीचा एक हक्क गेला. लेनर्ड आणि डॅनी ग्रीन आले.

खेळाडूची संमती यात लागत नाही. नकाराचा हक्क करारातच लिहून घेतलेले खेळाडू विरळा. १९६९ साली बेसबॉलपटू कर्ट फ्लड याची सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला अशीच परस्पर पाठवणी झाली, तेव्हा आपण विकत घ्यायची-द्यायची मालमत्ता नाही असे पत्र त्याने लिहिले आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पुढे खेळाडूंना करार संपल्यावर मुक्त होण्याचे हक्क मिळाले, पण करार चालू असताना माणूस आजही बदलीस पात्र असतो. त्या अर्थाने भाच्याचे क्रियापद अगदीच चुकीचे होते असे म्हणता येत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे दोन वाङ्मयप्रकार एकमेकांवर आदळताना दिसतील. प्रेक्षक खेळाडूकडे कादंबरीतील पात्र म्हणून पाहतो. कादंबरीत पात्राचा भूतकाळ वाया जात नाही. पहिल्या प्रकरणात ‘मी आहे’ म्हणणाऱ्या माणसाला शेवटच्या प्रकरणात त्याचे काहीतरी उत्तर मिळावे लागते. व्यवस्थापक मात्र खातेवही लिहीत असतो. वहीत मागच्या पानावरील जमेची कृतज्ञता पुढच्या पानावर ओढता येत नाही. आणि खरी अडचण अशी की त्याच प्रेक्षकाला विजेतेपदही हवे असते. कादंबरी त्याची, आणि वहीतल्या शिलकीची आसही त्याचीच.

आपल्याकडे हे घडले नाही असे नाही. २०११च्या जानेवारीत आयपीएलच्या लिलावात सौरव गांगुलीवर कोलकात्यानेच काय, कुणीच बोली लावली नाही. कोलकात्यात निदर्शने झाली. मग दादा पुण्याच्या संघात आले, आणि ५ मे २०१२ रोजी पुण्याचे कर्णधार म्हणून ईडन गार्डन्सवर उतरले तेव्हा स्टेडियम दुभंगलेले होते. कोलकाता जिंकले, आणि त्याच महिन्यात त्यांनी पहिले विजेतेपदही मिळवले. वही बरोबर होती. बंगाली माणसाला ती अजूनही बरोबर वाटत नाही, असे माझा अनुभव सांगतो.

मला या प्रकरणात येणाऱ्याविषयी बोलायचे आहे, कारण मी स्वतः एकदा कुणाच्या तरी बदल्यात आलेली आहे. आमच्या संस्थेची महाविद्यालये तीन. मी तालुक्याच्या गावी शिकवत होते. शहरातील महाविद्यालयात मराठीचे एक सर होते. त्यांच्या तासाला विज्ञान शाखेची मुलेही मागे येऊन बसत. तालुक्याच्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार होती आणि तेथे ज्येष्ठ विभागप्रमुख नव्हता. शहरात मराठीच्या तासिका घटल्या होत्या, तेथे एक कनिष्ठ अधिव्याख्याती पुरेशी होती. संस्थेची वही चोख होती. सरांना दोन ओळींचे पत्र मिळाले, मलाही दोन ओळींचे. मुलांनी प्राचार्यांना सह्यांचे निवेदन दिले, तीन दिवस काळ्या फिती लावल्या, आणि चौथ्या दिवशी मी तृतीय वर्षाच्या वर्गात शिरले.

बावीस मुले होती. कुणी उद्धटपणा केला नाही; तसे केले असते तर बरे झाले असते. सगळे अतिशय सभ्यपणे गप्प बसले. विभागाच्या कपाटावर सरांच्या अक्षरातील चिठ्ठ्या होत्या, ‘संतवाङ्मय’, ‘दलित आत्मकथने’, ‘परत न आलेली पुस्तके’. त्या मी पुढे कितीतरी वर्षे काढल्या नाहीत. लेनर्डच्या गुणवत्तेशी माझी तुलना करण्याचा प्रश्नच नाही. माझ्या बाबतीत तराजू उघड उघड कललेला होता आणि तो मुलांना दिसत होता. आठवड्याभराने सरांचा फोन आला. ‘मॅडम, मागच्या बाकावरचा उंच मुलगा रात्रपाळी करून येतो. पंधरा मिनिटं उशीर झाला तरी हजेरी लावत जा.’ आणखी तीन-चार मुलांविषयी असेच काही सांगितले. स्वतःविषयी एक शब्द नाही. संस्थेने दोन ओळींत जे हस्तांतरित केले नव्हते ते या माणसाने फोनवर केले.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की कारण असणे आणि कारण सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपली बदली होणार नाही असे आपल्याला सांगितले गेले होते, असे डेरोझन म्हणाला. उजिरी यांनी संवादात कुठेतरी गफलत झाली असावी असे म्हणत जाहीर माफी मागितली. शहर बदलीपेक्षा यावर अधिक चिडले होते, असे भाचा सांगे.

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी डेरोझन सॅन अँटोनिओच्या पोशाखात टोरोंटोत परतला. सारे स्टेडियम उभे राहिले. सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही सेकंदे उरली असताना चेंडू डेरोझनच्या हातात होता; लाउरी आणि लेनर्ड दोघांनी त्याला कोंडीत धरले, लेनर्डने चेंडू हिसकावला आणि एकटाच धावत जाऊन रिंगमध्ये कोंबला. टोरोंटो १२०-११७ ने जिंकले. ज्याच्या बदल्यात तुला दिले, त्यानेच तुझ्या हातातून, तुझ्याच जुन्या घरात... एखाद्या नवोदित लेखकाने हे लिहिले असते तर मी समासात ‘योगायोग फार’ असा शेरा मारला असता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १२ मे रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी लेनर्डने कोपऱ्यातून मारलेला चेंडू रिंगच्या कडेवर चार वेळा आपटला आणि आत पडला. १३ जूनला टोरोंटो विजेते झाले. उजिरी द्रष्टे ठरले. पण चौथ्या टप्प्यानंतर तो चेंडू बाहेर पडला असता तर? निर्णय तोच, कारणे तीच, तराजू तोच. २०२५च्या फेब्रुवारीत डॅलसने असाच आपला लाडका, अवघ्या २५ वर्षांचा लुका डोन्चिच लॉस एंजेलिसला देऊन अँथनी डेव्हिसला आणले. बचावाने विजेतेपदे मिळतात, असे सर व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी कारणही दिले. लोकांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून ठेवली. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हॅरिसन यांची नोकरी गेली. डोन्चिचने आदल्याच वर्षी संघाला अंतिम फेरीत नेले होते, त्यामुळे ही दोन उदाहरणे अगदी सारखी नाहीत, आणि डॅलसचा निर्णय मला मुळातच उतावळा वाटतो. तरीही एका बदलीला आपण दूरदृष्टी म्हणतो आणि दुसरीला विश्वासघात, यात तर्काचा वाटा किती आणि चेंडूच्या टप्प्यांचा किती, हे मला नीट वेगळे करता येत नाही. खुद्द उजिरींनाही टोरोंटोने २०२५च्या जूनमध्ये निरोप दिला.

लेनर्ड एका हंगामातच गेला, अपेक्षेप्रमाणे कॅलिफोर्नियाला. तो टोरोंटोचा कधी झालाच नव्हता. तो फारसे बोलतच नसे. ११ डिसेंबर २०१९ रोजी तो पाहुण्या संघातून परत आला तेव्हा त्याला विजेतेपदाची अंगठी द्यायची राहिली होती. लोकांनी त्याच्यासाठीही उभे राहून टाळ्या वाजवल्या. अंगठी त्याच्या हाती दिली ती काइल लाउरीने, डेरोझनच्या सर्वांत जवळच्या मित्राने.