बारावी खुर्ची

पवित्र गुरुवारच्या बारा जणांची यादी करणं म्हणजे आमच्या धर्मग्रामातलं दरवर्षीचं छोटंसं राजकारण. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगते. क्रुसावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशूने कमरेला पंचा बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात, एक मुलगा घंगाळ धरतो, एक तांब्या आणि एक टॉवेलांची चळत. वसईत या मिस्साला पाय ठेवायला जागा नसते.

यादी उपासना समिती करते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्या समितीवर आहे, आणि जिथे टीचर असते तिथे वहीपेन तिच्याच हातात येतं. पूर्वी काम सोपं होतं. प्रत्येक आळीतून एक बुजुर्ग, त्यातला एखादा नवा घरभरणीवाला, एखादा आजारातून उठलेला, आणि मागच्या वर्षी ज्याचं नाव राहिलं म्हणून जो रुसला तो. सगळे पुरुष. मिस्साग्रंथातच तसं लिहिलेलं होतं. पोप बाराव्या पायस यांनी 1955 साली हा विधी गुरुवारच्या सायंमिस्सात बसवला, तेव्हापासून ‘निवडलेले पुरुष’ हीच सूचना चालत आली. आणि ही माणसं घरून पाय असे घासूनपुसून, नखं कापून, पावडर लावून यायची की घंगाळातलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहायचं. धुवायला काही शिल्लकच नसायचं. यावर आम्ही बायका मागच्या बाकांवर हसायचो, कारण आदल्या दिवशी ते पाय घासायला वजरी शोधून दिलेली असायची ती आम्हीच.

2013 मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आले आणि पंधरवड्यातच त्यांनी रोमच्या किशोरवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, त्यांतली एक मुसलमान. नियम न बदलताच त्यांनी ते केलं, म्हणून परंपरावाले चिडले. नियम बदलला तो पुढे, 6 जानेवारी 2016 च्या आज्ञापत्राने. ‘पुरुष’ गेले, ‘देवाच्या प्रजेतून निवडलेले’ आले. त्यात तरुण, म्हातारे, आजारी, बायका, सगळे बसतात. पण रोमचं पत्र वसईत पोचायला वेळ लागतो. मधे समुद्र आहे, आणि आमची समिती आहे.

आमच्यात विरोध होता तो एका काकांचा. माणूस अडाणी नाही. लॅटिन मिस्सा तोंडपाठ, वेदीसेवा लहानपणापासून केलेली. त्यांचं म्हणणं असं: येशूने त्या रात्री रस्त्यावरच्या कुणाचेही पाय धुतले नाहीत, प्रेषितांचे धुतले. त्याच रात्री त्याच माणसांना त्याने याजकपद दिलं. आज बायका खुर्चीवर बसल्या की उद्या वेदीवर का नको, असं विचारतील. आणि वेदीचं उत्तर तर ठरलेलं आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय, स्त्रियांना याजकपद देण्याचा अधिकारच चर्चला नाही.

“काका, तुमच्या यादीतला केळीवाला तरी कुठे याजक आहे?” मी विचारलं.

“तो होऊ शकला असता,” काका म्हणाले.

उत्तर तर्काला धरून होतं, हे मला मान्य करावंच लागलं. काकांना साथ द्यायला आमच्या नालासोपाऱ्याच्या एक मल्याळी नर्स होत्या. त्यांच्या सिरो-मलबार चर्चमध्ये 2017 मध्ये तिथले प्रमुख कार्डिनल आलेंचेरी यांनी सांगून टाकलं होतं, आपल्याकडे पाय धुवायचे ते पुरुषांचे आणि मुलग्यांचेच. चर्च एक, पोप एक, आणि एकाच लोकल स्टेशनच्या दोन बाजूंना दोन रीती. पण शेवटी बायका आल्या. आधी दोन, मग चार. आकाश कोसळलं नाही. काका त्या दिवशी मागच्या दाराशी उभे राहत, एवढंच.

खरा पेच आला तो 2024 मध्ये, आणि तो बायका-पुरुषांचा नव्हताच.

त्या वर्षी हवा आधीच तापलेली होती. 18 डिसेंबर 2023 ला रोमहून एक पत्रक निघालं. समलिंगी जोडप्यांना आणि चर्चच्या दृष्टीने नियमबाह्य संसार करणाऱ्यांना फादर साधा आशीर्वाद देऊ शकतात, मात्र तो लग्नासारखा दिसता कामा नये, असं त्याचं सार. आफ्रिकेतल्या बिशपांनी सरळ नकार कळवला. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर रणधुमाळी. पत्रक किती जणांनी वाचलं होतं कोण जाणे, मत मात्र सगळ्यांना होतं.

अशात समितीच्या बैठकीत मी एक नाव सुचवलं. नाव इथे लिहीत नाही. आमच्या आळीत फुलवाली म्हटलं की सगळ्यांना कळतं. पहाटेच्या लोकलने मोगरा, तगर, सोनचाफा घेऊन दादरला जाते, दुपारी परत. आळीत कुणी अंथरुणाला खिळलं की रात्री उशाशी बसायला हिलाच बोलावतात. मयताला अंघोळ घालायची वेळ आली की ज्या घरातल्या सख्ख्या सुना मागे सरतात, तिथे ही पदर खोचून पुढे होते. दुसऱ्याचे पाय धुण्याच्या विधीला याहून लायक माणूस मला तरी सुचत नव्हतं.

बैठक गप्प झाली. तिचं पहिलं लग्न आमच्याच देवळात झालं. नवऱ्याने मारहाण केली, मग सोडून दिलं. कोर्टातून घटस्फोट झाला. पुढे तिने एका विधुराशी रजिस्टर लग्न केलं. चर्चच्या लेखी पहिला नवरा हयात आहे तोवर पहिलं लग्न आहे. म्हणून ती दर रविवारी मिस्साला येते, पण कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तशरीर घ्यायला, उठत नाही.

काका काही बोलतील असं वाटलं होतं. बोलली ती माझीच शेजारीण. तिचा नवरा आखातात गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. ही ऐन तिशीत एकटी पडली. मुलगा वाढवला, सासू सांभाळली, दुसऱ्या लग्नासाठी आलेली मागणी परत पाठवली, कारण वेदीसमोर वचन दिलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “टीचर, तिला समोर खुर्ची द्याल तर द्या. पण मग मी इतकी वर्षं जे काढलं, ते काय उगाच?”

उदार मतांची माणसं, त्यांत मी आलेच, चर्चच्या शिकवणुकीला कठोर म्हणून मोकळी होतात. पण त्याच शिकवणुकीच्या आधारावर ही बाई ताठ उभी राहिली होती. नवऱ्याने मोडलेलं लग्न चर्चने मोडलेलं नाही, एवढाच तिचा मान होता. नियम सैल केला की फुलवालीला जागा होते आणि शेजारणीच्या पायाखालची वाळू सरकते. मला त्या बैठकीत उत्तर देता आलं नाही. आजही चटकन देता येणार नाही.

निर्णय फादरांवर गेला. तरुण आहेत, जपून बोलतात. त्यांनी सांगितलं की पाय धुणं हा संस्कार नाही, तिला खुर्चीवर बसायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. कम्युनियनची गोष्ट वेगळी. मी 2016 च्या ‘आमोरिस लेतीत्सिया’चा विषय काढला. कुटुंबावरचं पोप फ्रान्सिस यांचं ते लांबलचक पत्र, आणि त्यातली 351 क्रमांकाची तळटीप. अशा माणसांना काही प्रसंगी संस्कारांचीही मदत मिळू शकते, असं तीत म्हटलंय. एवढ्या मोठ्या चर्चचं भांडण त्या एका तळटिपेवर येऊन बसलं. चार कार्डिनलांनी पोपना लेखी प्रश्न विचारले, अर्जेंटिनातल्या बिशपांनी मोकळा अर्थ लावला, पोलंडच्या बिशपांनी लावला नाही. फादर म्हणाले, “टीचर, तळटिपेवर मी एकटा देऊळ चालवू शकत नाही. आणि तिच्याशी जे बोलायचं ते मी तिच्याशीच बोलेन, समितीत नाही.” हे शेवटचं मला पटलं.

एक गोष्ट त्यांनी तिला माझ्यादेखत विचारली. बारा जण पुढे बसतात आणि कम्युनियन पहिलं त्यांनाच देतात. सगळ्या देवळाची नजर तिथे असते. चालेल का?

“मी बसून राहीन, फादर,” ती म्हणाली. “दर रविवारी बसतेच की. मागे बसते, यंदा पुढे.”

28 मार्चची संध्याकाळ. ती शेवटच्या खुर्चीवर होती. पाय तिनेही घासले असणार, पण उन्हातान्हातून अनवाणी वाफ्यांत फिरणाऱ्या टाचा वजरीला दाद देत नाहीत. भेगांमध्ये काळी रेघ राहिलेलीच होती. फादरांनी उजव्या पायावर पाणी ओतलं, टॉवेलने टिपलं, वाकून पायाचं चुंबन घेतलं. बाकीच्या अकरा जणांनी जसे डोळे खाली घातले होते तसे तिने घातले नाहीत. ती फादरांच्या हातांकडे निरखून बघत होती. नंतर मला म्हणाली, “बोटांच्या बेचक्यांत पुसलं नाही त्यांनी. मयताचंसुद्धा आपण पुसतो.”

कम्युनियनची वेळ झाली. अकरा जण उठले, ती बसली. शेजारीण माझ्या पुढच्या बाकावर होती. ती रांगेत गेली, ख्रिस्तशरीर घेतलं आणि परतताना नेहमीच्या बाजूने न येता खुर्च्यांच्या बाजूने आली. फुलवालीच्या जवळ थांबली नाही, बोलली नाही, फक्त तिकडून आली. याचा अर्थ काय, हे मी तिला विचारलेलं नाही.

रात्री जागरणाच्या प्रार्थनेच्या वेळी फोनवर रोमचे फोटो येऊ लागले. पोप फ्रान्सिस त्याच संध्याकाळी रेबिबियाच्या महिला तुरुंगात होते. स्वतः चाकांच्या खुर्चीत, म्हणून कैदी बायकांना उंच चौथऱ्यावर बसवलेलं. बाराच्या बारा बायका. काकांनी फोटो मोठा करून पाहिला, एकेक चेहरा मोजला आणि म्हणाले, “एकपण पुरुष नाही! निदान आपल्यात आठ तरी होते.” मला वाटतं, आमच्या समितीची बाजू घेऊन ते बोलले, ती ही पहिली वेळ.

त्यानंतर फुलवालीसाठी फादरांनी धर्मप्रांताच्या न्यायासनाकडचा अर्ज आणून दिला. पहिलं लग्न मुळात वैध झालंच नव्हतं असं सिद्ध झालं तर पुढची वाट मोकळी. पूर्वी असा निकाल दोनदा लागावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती अट काढली, खर्च होता होईतो घेऊ नये असंही सांगितलं. तिला पैशाची भीती नव्हतीच. “म्हणजे माझी पहिली पोरगी लग्नाशिवायची ठरणार?” हा तिचा सवाल होता. तसं नाही, लग्न रद्द ठरलं तरी मुलं औरसच राहतात, हे कायद्यात आहे, हे फादरांनी तिला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं. तेव्हा कुठे तिने अर्ज घरी नेला.

आता गाडं अडलंय ते साक्षीदारापाशी. त्या लग्नाला ती तयार नव्हती, लग्नाच्या सकाळपर्यंत रडत होती, घरच्यांनी धमकावून उभी केली, हे सांगणारं माणूस हवं. रडताना मी पाहिलंय, तेवढं मी लिहून देईन. पण धमकी दिली ती तिच्या थोरल्या भावाने, आणि ती बंद दाराआड. तो आता म्हातारा झालाय, पवित्र गुरुवारच्या यादीत त्याचं नाव दोनदा येऊन गेलंय. त्याच्याकडे जाऊन “तू त्या दिवशी काय केलंस ते फादरांना सांग” असं म्हणायला ती तयार नाही. काका म्हणतात, मी जातो, माझं ऐकेल तो. अजून गेलेले नाहीत.