खडूसारखा पांढरा

४ जुलै
वरोऱ्याकडच्या मुलीचं दातांच्या तारेचं ब्रॅकेट आज तिसऱ्यांदा निघालं. वरचा उजवा सुळा. वडील पहिल्या एसटीनं तिला घेऊन आले, निघालेलं ब्रॅकेट कागदाच्या पुडीत जपून बांधलेलं. "चिक्की नाही, चणे नाही, काहीच खाल्लं नाही जी पोरीनं," ते परत परत सांगत होते. ती मान खाली घालून बसलेली.

ब्रॅकेट भिंगाखाली धरलं. ते चिकटवणारं सगळं रेझिन त्याच्याच पाठीला चिकटून आलेलं, दातावर कणही नाही. म्हणजे रेझिननं धातू सोडला नव्हता, दात सोडला होता. खाण्याचा दोष असेल असं वाटेना. तसं सांगितल्यावर तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

५ जुलै
रात्री झोप नीट लागली नाही. एरवीचं काम हाताला सवयीचं: ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल तीस सेकंद लावायचं, धुवायचं, हवेनं सुकवायचं. चकाकणारं इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं की ॲसिडनं काम केलं. त्या बारीक खाचांत रेझिन उतरून घट्ट होतं. १९५५ मध्ये दंतवैद्य बुओनोकोर यांनी हे दाखवलं, तेव्हा ॲसिड ८५ टक्के होतं. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक ॲसिड वापरत, त्यावरून त्यांना ही युक्ती सुचली.

पण या मुलीचे दात मुळातच खडूसारखे पांढरे, मध्ये तपकिरी पट्टे. फ्लोरोसिस, जास्त फ्लोराइडमुळे होणारा. ज्या खुणेवर मी विसंबून होते, ती तिथं आधीपासूनच होती. शिवाय अशा दाताचा वरचा थर ॲसिडला लवकर दाद देत नाही. तीन वेळा मी तेवढेच तीस सेकंद मोजले.

१२ जुलै
लेझर वापरून बघ, असं सर म्हणाले. तारांच्या उपचारासाठी काढलेल्या उपदाढा थायमॉलमध्ये ठेवलेल्या होत्या, त्यांतल्या सहा घेतल्या. अर्बियम-याग लेझर, तरंगलांबी २९४० नॅनोमीटर. ही तरंगलांबी पाणी फार पटकन शोषून घेतं. इनॅमलमध्ये पाणी थोडंसंच, पण ते क्षणात वाफ होऊन फुटतं आणि खनिजाचे कण उडवतं. तोच तो टक्-टक् आवाज. पाण्याचा फवारा चालू असतानाही जवळ वाकलं की किंचित जळका वास येतो.

भिंगाखाली पृष्ठभाग इतका खडबडीत दिसला की मला आनंदच झाला. यावर काहीही चिकटेल, असं वाटलं.

२० जुलै
त्या उपदाढांवर चिकटवलेली ब्रॅकेट इंजिनिअरिंग कॉलेजच्या यंत्रावर ओढून पाहिली. नुसत्या लेझरवर चिकटवलेल्यांपैकी एक निघताना इनॅमलचा पापुद्रा घेऊन निघालं. तो पापुद्रा चिमट्यात धरून मी बराच वेळ पाहत राहिले. वर खडबडीतपणा आहे, पण त्याखाली बारीक भेगा पडतात, आणि रेझिन शेवटी त्या सैल थरालाच धरून राहतं. लेझरनंतर ॲसिड लावलं तर तो थर बराचसा निघून जातो, म्हणून अनेक अभ्यासक दोन्ही वापरतात.

आणखी एक अडचण आहे. लेझरच्या उष्णतेनं इनॅमलमधला कार्बोनेट कमी होऊ शकतो आणि ते ॲसिडला आणखी चिवट बनू शकतं. कीड रोखायला ही मोठी देणगी. पण आधीच ॲसिडला न जुमानणाऱ्या दातावर मी तेच आणखी वाढवायला निघाले होते. सहा दातांवरून सिद्ध काहीच होत नाही. तरी त्या मुलीच्या दातावर लेझर नको, हे माझं ठरलं.

२ ऑगस्ट
सुळा प्युमिसनं घासला, वरचा थर अगदी हलका खरवडला, ॲसिड दीड मिनिट ठेवलं. सुकवल्यावर दिवा तिरपा धरून पाहिलं: या वेळी रंग नव्हे, चमक गेली का ते. गेली होती.

३० ऑगस्ट
ब्रॅकेट जागेवर आहे. तिनं हिरवे रबर मागितले.

निघताना वडील म्हणाले, "आमच्याकडं साऱ्याच पोरायचे दात असे आहेत जी. धाकटा पाच वर्षांचा आहे." पाच म्हणजे पुढच्या कायमच्या दातांचं इनॅमल बहुतेक बनून झालेलं, पण उपदाढा आणि दुसरी दाढ अजून हिरडीखाली घडताहेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत हवं. हातपंपाचं आणि शाळेजवळच्या विहिरीचं, दोन्ही पाणी तपासून घ्या म्हटलं. काचेच्या नाही, प्लास्टिकच्या बाटल्या. दोन रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या, त्यांच्या पिशवीत ठेवून दिल्या आणि झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.