वासरकुप्पेचा वारा

जर्मनीत फुल्डा गावाहून मोटारीने वर चढले की वासरकुप्पे हा ९५० मीटर उंचीचा बोडका डोंगर लागतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या विमानांवर कडक बंधने आली, तेव्हा बिनइंजिनाने उडायला तरुण मंडळी इथेच जमली. १९२० साली ग्लायडरांची पहिली स्पर्धा भरली ती याच माथ्यावर.

आज त्याच उतारांवर हौशी मंडळी वावभर पंखांचे छोटे ग्लायडर उडवतात. बाल्सा लाकडाच्या फासळ्या चिकटवायच्या, वर पातळ आवरण ताणायचे, मग दोन बोटांवर तोल पाहायचा. नाकात विजेची मोटर, हाती रेडिओची पेटी! हातातून सुटताच मोटर त्याला उंच नेते, आणि तिथे ती बंद करायची. पंख्याची पाती मिटतात, आवाज थांबतो. आता सारी भिस्त उतारावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर. तो गवसला तर ग्लायडर घारीसारखा तरंगत राहतो. नाही तर दोन-चार मिनिटांत गवतात!

मोटर पुन्हा चालू करता येते. पण करायची नाही, हीच पैज. वाचकहो, इंजिन नसताना जे शहाणपण या डोंगराने शिकवले, तेच इंजिन असूनही शिकावे लागते!