गारगोटीचे उपकार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधील जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि त्यामुळे आमच्या गावच्या दगडांची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. दगडाने डोके फुटते हे आम्ही लहानपणापासून जाणून होतो. दगडाने डोळे उघडतात हे मात्र आम्हांस गेल्या वर्षी कळले. त्यास कारण झाले आजोबांचे एक संत्र्याचे झाड.

विहिरीशेजारचे हे झाड म्हणजे आजोबांचा अभिमान. आंबिया बहारात ते असे लदबदून जाई की, फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागत. नातलगांपैकी कोणी नवी बाग लावू लागला की याच झाडाचे डोळे मागून नेई व जंबेरीच्या खुंटावर बांधी. सौंसरच्या आमच्या मामांनीही नव्या बागेसाठी डोळे मागितले आणि आजोबांनी ते मोठ्या आनंदाने कबूल केले.

नेमक्या त्याच आठवड्यात गुरुजींनी वर्गात सांगितले की, डोळ्याबरोबर झाडाचा रोगही नव्या रोपात जातो. आम्ही घरी येऊन म्हणालो, "आजोबा, झाड एकदा तपासून घेतले तर?" आजोबांचा चेहरा उतरला. "ज्या झाडाने तुला शाळेत घातले, त्याची परीक्षा तू घेणार?" एवढेच ते बोलले. आम्ही खजील झालो. परंतु मामांनी आमची बाजू घेतली आणि पाने घेऊन आम्ही दोघे नागपूरच्या एका प्रयोगशाळेत गेलो.

ज्याचा शोध घ्यायचा होता, तो ट्रिस्टेझा नावाचा विषाणू. तो धाग्यासारखा असून त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी असते. अंगावर प्रथिनाचे आवरण असते. मावा त्यास एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि माणूस डोळे बांधून नेतो. जंबेरीच्या खुंटावरील झाड हा विषाणू अंगात बाळगूनही वर्षानुवर्षे टवटवीत दिसू शकते. पूर्वी संशय आला म्हणजे त्या झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधीत आणि नव्या पानांच्या शिरा फिकट, पारदर्शक होतात काय, याची कित्येक आठवडे वाट पाहत.

आता ही प्रतीक्षा एकदोन दिवसांवर आली आहे. १९७१ साली स्टॉकहोम येथे एंग्वॉल व पर्लमान यांनी एलायझा ही पद्धत प्रसिद्ध केली आणि १९७७ साली क्लार्क व ॲडम्स यांनी ती वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरून दाखविली. एका तबकडीत ९६ लहान खळगे असतात. त्यांच्या तळाशी त्या एकाच विषाणूस ओळखणारी प्रतिपिंडे चिकटविलेली असतात. पानाचा रस त्यांत घातला की, विषाणूचे प्रथिन प्रतिपिंडांच्या मिठीत अडकते व बाकीचा रस धुऊन जातो. मग विकर जोडलेली दुसरी प्रतिपिंडे घालतात. शेवटी असे द्रव्य, की विकर तेथे टिकून असल्यास ते पिवळे होते.

ही प्रतिपिंडे कोठून आणता, असे आम्ही तेथील ताईंना विचारले. सशाच्या रक्तजलात ती तयार होतात, पण तेथे इतर प्रथिनांची गर्दी असते. त्यांतून हवी तेवढीच वेचून काढावी लागतात, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी पांढऱ्या भुकटीने भरलेली एक काचेची नळी दाखविली. "ही सिलिका. तुमच्या शेतातल्या गारगोटीचीच जात!"

मामा चकित झाले. सौंसरच्या शिवारात पांढरी गारगोटी पायाखाली येते आणि तेथील प्राचीन खडकांच्या समूहास भूवैज्ञानिक सौंसरचेच नाव देतात. वाळू धुण्याच्या सोड्याबरोबर वितळवून तिच्यापासून सोडियम सिलिकेट करतात. त्यात आम्ल मिसळले की सच्छिद्र सिलिका मिळते. तिच्या एका ग्रॅमच्या छिद्रांतील पृष्ठभाग कित्येक शे चौरस मीटर भरतो. अशाच सिलिकेच्या साह्याने मार्टिन व सिंज यांनी १९४१ साली लोकरीतील अमिनो आम्ले वेगळी केली आणि १९५२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र नुसत्या सिलिकेस विवेक नसतो. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या असतात आणि त्यांना नाना प्रथिने चिकटतात. म्हणून त्या जोड्यांवर आधी सिलेन नावाचे संयुग बसवितात. त्याचे एक टोक सिलिकेस धरून राहते. दुसऱ्या टोकाशी 'प्रथिन ए' जोडतात, जे प्रतिपिंडांनाच पकडते. नळीतून रक्तजल ओतले की बाकी सारे वाहून जाते आणि प्रतिपिंडे मागे राहतात. नंतर सौम्य आम्लाने ती सोडवून घेतात. दगडास जणू निवडक हात फुटतात!

दुसऱ्या दिवशी तबकडी पाहिली. निरोगी पानाचा खळगा स्वच्छ होता, रोगट पानाचा पिवळा होता. आमच्या पानांचे खळगेही पिवळेच होते.

घरी आल्यावर ते सांगण्याचे धैर्य आम्हांस होईना, मामांनीच सांगितले. आजोबा काही न बोलता विहिरीकडे गेले. दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस वही घेऊन बसविले आणि आजवर कोणाकोणास डोळे दिले, ती नावे आठवून आठवून सांगितली. सतरा नावे झाली. प्रत्येकास त्यांनी स्वतः फोन केला. "माझ्या झाडात रोग निघाला. तुम्ही तुमची झाडे तपासून घ्या," हे वाक्य आम्ही सतरा वेळा ऐकले, दर वेळी त्यांचा आवाज थोडा कमी कापत होता.

बहार उतरल्यावर ते झाड काढले. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंडा कलम करून रोगमुक्त रोपे तयार करतात, असे कळल्यावर मामांनी तशी तपासलेली रोपेच लावायचे ठरविले. त्यांतली दोन आजोबांसाठीही येणार आहेत.

मामांनी दिलेली गारगोटी आमच्या टेबलावर आहे. परवा आजोबांनी ती उचलली, उजेडात धरून न्याहाळली आणि विचारले, "हिलाच का रे हात फुटतात?" आम्ही होकार दिला. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली आणि जपून जागेवर ठेवली.