डोके दुखते, एवढेच ना?

“फादर, डोके दुखत होते, म्हणून मिस्साला आले नाही.” उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात धर्मसेवा करताना हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले. खरे सांगायचे तर, ही सोयीची सबब आहे असे समजून मनातल्या मनात हसलोही.

एका सणाच्या मिस्साच्या वेळी धुपाचा दरवळ पसरताच एक भगिनी उठून बाहेर गेल्या. हे पूर्वीही घडले होते. मिस्सानंतर आम्ही त्यांना चारचौघांत टोचून बोललो. त्या निमूट राहिल्या. पुढे घरभेटीस गेलो, तेव्हा भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून त्या अंधारात पडून होत्या. उजेड, आवाज, वास, काहीच सोसवत नव्हते. अर्धशिशी अनेक वर्षांची; तरीही कामाला नेणारी पहाटेची लोकल त्यांनी क्वचितच चुकवली होती.

आम्ही ओशाळलो आणि या विषयाची माहिती मिळवली. शेजारच्या कर्नाटकातील प्रौढांची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरात डोकेदुखी झालेले शंभरात सुमारे ६४ आढळले; अर्धशिशीचे सुमारे २५. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक छळते, आणि तीही ऐन कर्तेपणाच्या वयात. म्हणजे आमच्यासमोरच्या प्रत्येक बाकावर कोणी ना कोणी हे दुखणे घेऊन बसलेले असणार!

आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. लोकलच्या गर्दीत, कारखान्याच्या पाळीत उभे राहता यावे म्हणून दुकानातून गोळी आणून गिळण्याची आपल्याला सवय आहे. परंतु साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर तीच डोकेदुखीचे कारण होऊ शकते. तेव्हा वरचेवर डोके दुखत असेल, तर वेळीच डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी असह्य कळ आली, किंवा तापासोबत मान ताठरली, तर क्षणाचाही विलंब नको.

अविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ साली आपला थोर आध्यात्मिक ग्रंथ लिहिला, तोही मस्तकातील आवाज व अशक्तपणा सोसत. त्यांचे सोसणे आपण वंदनीय मानतो. घरातल्या माणसाचे मात्र ढोंग ठरवतो.

आम्ही त्या भगिनींची क्षमा मागितली. आता त्या दाराजवळच्या बाकावर बसतात. धूप पेटला की बाहेर जातात, आणि विरल्यावर परत येतात. कोणी मान वळवून पाहत नाही.